ट्रकमध्ये यंत्र बसवले की तास पाळले जातात, असे नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ट्रकचालकाने दिवसाला किती तास गाडी चालवावी, हा विषय आपल्याकडे अधूनमधून डोके वर काढतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी सप्टेंबर २०२१ मध्ये वैमानिकांप्रमाणे ट्रकचालकांचेही तास ठरवायला हवेत, असे म्हटले होते. महामार्गावर मोठा अपघात झाला की ही मागणी पुन्हा होते आणि ‘गाडीत यंत्र बसवा, सगळे आपोआप कळेल’ हे वाक्यही सोबत येते. आपोआप फार थोडे कळते. अमेरिकेतील ट्रक कंपन्यांच्या इलेक्ट्रॉनिक नोंदी तपासण्याचे काम आम्ही पुण्यात बसून करतो. तिथे चालकाचे तास नोंदणारी ही यंत्रे सक्तीची होऊन बरीच वर्षे झाली. ती काय पकडतात आणि काय सोडतात, हे आपल्या वाचकांना आणि धोरण ठरवणाऱ्यांना कळावे म्हणून हे पत्र.

आधी तिथले नियम. मालवाहू ट्रकच्या चालकाने सलग १० तास विश्रांती घेतली की त्याला ११ तास गाडी चालवता येते, पण कामाला लागल्यापासून १४ तासांच्या आत. एकूण ८ तास चालवून झाले की सलग ३० मिनिटे स्टिअरिंगपासून दूर राहावे लागते. कंपनी आठवडाभर चालू असेल तर ८ दिवसांत मिळून ७० तासांच्या वर काम झाल्यावर गाडी चालवता येत नाही. सलग ३४ तास सुटी घेतली की हा हिशेब पुन्हा शून्यापासून सुरू होतो. १८ डिसेंबर २०१७ पासून या नोंदी कागदाऐवजी यंत्रावर ठेवणे सक्तीचे झाले. २००० सालाआधीचे इंजिन आणि जवळच्या फेऱ्या अशा थोड्या सवलती आहेत.

यंत्र इंजिनाच्या संगणकाला जोडलेले असते. गाडीने ताशी ५ मैलांचा वेग गाठला की ते स्वतःहून ‘ड्रायव्हिंग’ लावते. गाडी थांबून ५ मिनिटे झाली की चालकाला विचारते, आणि मिनिटभरात उत्तर मिळाले नाही तर ‘ऑन ड्यूटी’ लावते. चालू गाडीत दर तासाला ठिकाण, ओडोमीटर आणि इंजिनाचे तास नोंदले जातात. आपोआप लागलेला ड्रायव्हिंगचा वेळ कमी करून विश्रांती दाखवण्याची सोय कंपनीलाही नाही. इथपर्यंत यंत्र चोख आहे.

पण चाक फिरत नसताना चालक काय करत होता, हे चालकच बटण दाबून सांगतो. ऑफ ड्यूटी, स्लीपर (केबिनमागच्या बिछान्यात झोप) की ऑन ड्यूटी? तपासणीचा खरा जीव या उभ्या गाडीच्या तासांत आहे.

डिझेल भरताना चालक कामावर असतो, पण ती पंधरा मिनिटे ‘ऑफ ड्यूटी’ दाखवलेली सर्रास आढळतात. हेतू सरळ असतो: ७० तासांतून तेवढा वेळ वाचवायचा. माल चढवताना गोदामाच्या दारात गेलेले तीन तासही असेच ‘स्लीपर’मध्ये जातात. इथे मात्र तपासणाऱ्याने घाई करू नये. गाडी धक्क्याला लागलेली असताना चालकावर कसलीही जबाबदारी नसेल आणि तो खरोखर केबिनमागच्या बिछान्यात झोपला असेल, तर ती नोंद बरोबर आहे. तो आत जाऊन नग मोजत होता आणि पावतीवर सह्या करत होता, तर ती खोटी. हे ठरवायला बिल ऑफ लेडिंगवरची (मालाच्या पावतीवरची) आत-बाहेरची वेळ, डिस्पॅचरचे (कंपनीत फेऱ्या ठरवणाऱ्याचे) निरोप आणि डिझेलची पावती नोंदीशेजारी ठेवावी लागते. कायद्याने कंपनीला दर दिवसासाठी असे आठपर्यंत पुरावे सहा महिने जपावे लागतात, ते याचसाठी.

पावती जुळवताना नवखा माणूस हमखास चुकतो ते वेळेच्या पट्ट्यात. चालकाची नोंद तो ज्या डेपोचा आहे तिथल्या वेळेनुसार चालते. पावतीवर मात्र पंपाची स्थानिक वेळ छापलेली असते. शिकागोच्या चालकाने कॅलिफोर्नियात संध्याकाळी ५:४२ ला डिझेल भरले तर नोंदीत ७:४२ शोधायचे. दोन तासांचा हा फरक लक्षात घेतला नाही तर प्रामाणिक चालक खोटारडा ठरतो, आणि रात्री दहानंतरची पावती असेल तर तारीखच बदलते.

दुसरी तपासणी ओडोमीटरची. समजा, दुपारी १२:१० ला इंजिन बंद झाले तेव्हा आकडा ४,१२,३०६ होता. रात्री १०:२० ला इंजिन सुरू झाले तेव्हा तो ४,१२,४५१ आहे आणि मधले दहा तास नोंदीत स्लीपर आहे. दहा तासांची विश्रांती कागदावर पूर्ण, कोणतेही उल्लंघन नाही, संगणकाच्या अहवालात हिरवी खूण. पण विश्रांती चालू असताना गाडी १४५ मैल गेली कशी? बहुतेक वेळा यंत्राची केबल काढून ठेवलेली असते. मधेच यंत्र बदलले असेल तरीही आकडा उडी मारू शकतो, म्हणून आरोप करण्याआधी दोन्ही नोंदींवरचा यंत्राचा क्रमांक सारखाच आहे का ते पाहावे. केवळ उल्लंघनांचा अहवाल काढून तपासणी संपवणाऱ्याच्या हाती ही चोरी कधीच लागत नाही, कारण अहवाल नोंद खरी आहे असे धरूनच बनतो.

तिसरी जागा म्हणजे बेवारस मैल. लॉगिन न करता गाडी हलवली की तो प्रवास ‘अनोळखी चालक’ म्हणून साठतो. गॅरेजमधल्या मेकॅनिकने आवारात गाडी फिरवली असेल तर तसा शेरा लिहून विषय संपतो. परंतु ११ तास भरत आल्यावर लॉगआउट करून उरलेला रस्ता कापणारेही असतात. त्या प्रवासाची सुरुवात कुठे झाली, शेवट कुठे झाला, आणि त्याच्या लगेच आधी व नंतर त्या गाडीवर कोणाचे लॉगिन होते, एवढे पाहिले की माणूस सापडतो. दोन नावांनी लॉगिन करून नसलेला जोडीदार गाडी चालवतोय असे दाखवणे हा याचाच पुढचा प्रकार. अशा वेळी त्या जोडीदाराचा पगार आणि परवाना मागवावा.

‘पर्सनल कन्व्हेयन्स’, म्हणजे सुटीच्या वेळेत खासगी कामासाठी ट्रक वापरणे, याची अमेरिकेत परवानगी आहे आणि अंतराची मर्यादाही नाही. जेवायला जाणे, गोदामातून बाहेर काढल्यावर जवळची सुरक्षित पार्किंग गाठणे, हे चालते. पुढच्या गोदामाच्या दिशेने ऐंशी मैल जाऊन झोपणे चालत नाही. या काळात यंत्र मुद्दाम ठिकाण ढोबळ नोंदवते, त्यामुळे आधीच्या आणि नंतरच्या पक्क्या नोंदी घेऊन नकाशावर दिशा पाहावी लागते.

विश्रांतीचे दोन तुकडे हे सर्वांत किचकट प्रकरण. सात तास स्लीपर आणि तीन तास कुठलीही विश्रांती, असे १० तास विभागून घेता येतात आणि दोन्ही तुकडे १४ तासांतून वगळले जातात. सकाळी ६ ते ११ गाडी चालवली, ११ ते संध्याकाळी ६ झोप, ६ ते मध्यरात्री पुन्हा चालवली, मग तीन तास विश्रांती: इथपर्यंत सगळे नियमात आहे. पहाटे ३ वाजता मात्र चालकाला नवे ११ तास मिळत नाहीत. मोजणी पहिल्या तुकड्याच्या शेवटापासून, म्हणजे संध्याकाळी ६ पासून होते. सहा तास वापरले, पाच उरले. चालक इथे मुद्दाम फसवत नसतो, त्याला कोणी हे समजावलेले नसते. साधी ऑफ ड्यूटी जेवणाची सुटी १४ तासांचे घड्याळ थांबवत नाही, हेही अनेकांना ठाऊक नसते.

दुरुस्त्यांचा इतिहासही उघडून पाहावा. कंपनीला नोंदीत बदल सुचवता येतो, पण कारण लिहावे लागते, चालकाने तो मान्य करावा लागतो आणि मूळ नोंद तशीच राहते. एकाच डिस्पॅचरकडून अनेक चालकांचे ‘ऑन ड्यूटी’ दर आठवड्याला ‘ऑफ ड्यूटी’ होत असेल, तर दोष चालकांचा नाही. वेळापत्रकही असेच तपासावे. सरासरी ताशी ५५ मैल धरले तर ११ तासांत ६०५ मैल होतात. ६८० मैलांवर त्याच दिवशी माल पोहोचवायला सांगणाऱ्याने खोटी नोंद आधीच लिहून घेतलेली असते. म्हणून तिथे २०१६ पासून मालवाहतूक कंपनीबरोबरच माल पाठवणारा, घेणारा आणि मध्यस्थ दलाल यांनाही चालकावर नियम मोडण्यासाठी दबाव आणायला कायद्याने बंदी आहे. आमच्या मते यंत्राच्या सक्तीइतकीच ही तरतूद मोलाची आहे.

आता आपल्याकडे. तासांची मर्यादा भारतात नवी नाही. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तास ठरवले, पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांतीही सांगितली. मोटार वाहन कायद्याचे कलम ९१ याच विषयावर आहे. पण १९६१ चा कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या व्यवसायांसाठी होता, आणि एक-दोन गाड्यांचे मालक त्याबाहेर राहिले. चालकाला पैसे फेरीमागे मिळतात. न्हावा शेवाच्या रांगेत किंवा एमआयडीसीच्या गेटवर गेलेला दिवस कोणाच्याच हिशेबात धरला जात नाही, आणि तो भरून काढायला रात्र जागवली जाते.

पुराव्यांची मात्र आपल्याकडे वानवा नाही. फास्टॅगमुळे प्रत्येक टोलनाक्याची वेळ मिळते. ई-वे बिल, म्हणजे माल नेण्याआधी ऑनलाइन काढायचा कागद, आहे, वजनकाट्याची चिठ्ठी आहे, डिझेलची पावती आहे, बिल्टी (वाहतूकदाराने दिलेली मालाची पावती) आहे. अडचण अशी की हे सगळे गाडीच्या क्रमांकाशी बांधलेले आहे, चालकाशी नाही. प्रवासी वाहनांत एआयएस-१४० प्रमाणाची, गाडीचा माग ठेवणारी उपकरणे आली, तीही गाडी कुठे आहे एवढेच सांगतात. स्टिअरिंगवर कोण, हे सांगत नाहीत. गाडी २० तास धावली तर दोन चालकांनी आळीपाळीने चालवली की एकानेच, हे या कागदांतून कळायला मार्ग नाही.

तेव्हा नियम करणाऱ्यांकडे आमच्या तीन मागण्या आहेत. ई-वे बिलाच्या भाग-ब मध्ये वाहन क्रमांकासोबत चालकाचा परवाना क्रमांक भरणे सक्तीचे करावे आणि वाटेत चालक बदलला की तो बदलावा. प्रत्येक गोदाम, कारखाना आणि बंदराच्या गेटवर गाडी आत आल्याची व बाहेर पडल्याची वेळ बिल्टीवर शिक्क्यासह नोंदवावी, आणि तिथे थांबलेला वेळ चालकाच्या कामाच्या तासांत धरावा. आणि तास मोडले गेले तर पहिली नोटीस चालकाला न जाता, ज्याने ती वेळ ठरवून माल पाठवला त्याला जावी.

आपले,
मालवाहतुकीच्या नोंदी तपासणारे काही वाचक, पुणे