डिकी लावली की फ्यूज जातो

प्रिय मित्रा,

तुझी दोन पत्रं टेबलावर समोरच आहेत. पहिल्याला आठ महिने होऊन गेले. रोज दिसायची, रोज वाटायचं निवांत बसून लिहू, आणि ते राहिलं ते राहिलंच. राग धर, हक्क आहे तुझा. पण हे पत्र शेवटपर्यंत वाच. आज रात्री जे सापडलं ते घरात सांगितलं तर "बरं झालं, मिटलं ना एकदाचं" एवढंच ऐकायला मिळालं. त्यांचं काही चुकलं नाही, त्यांना ती रात्र माहीतच नाही.

तब्येत बरी. गुडघा अधूनमधून कुरकुरतो. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं.

तर, गाडीचं वायरिंग नवं केलं. तुकड्यातुकड्यानं नाही, सगळं. जुनी वायर वाकवली की इन्सुलेशनचा भुगा पडायचा. रंग तर केव्हाच उडालेले. कुठली लाल आणि कुठली तपकिरी हे टोकाशी खरवडून बघावं लागायचं. तीन आठवडे रोज संध्याकाळी बसलो. जुना अख्खा जुडगा जमिनीवर पसरला, प्रत्येक फाट्याला चिठ्ठी बांधली आणि त्याच्यावर बेतून नवा बांधला. उस्तादांनी बघितला असता तर एकदा तरी मान डोलावली असती.

परवा बॅटरी जोडली. हेडलाइट, हॉर्न, वायपर, इंडिकेटर, सगळं पहिल्या फटक्यात. पार्किंगच्या दिव्यांचा स्विच ओढला, तेही लागले. गाडीभोवती एक फेरी मारली, डिकी लावली, पुढे येऊन बघतो तर दिवे गेलेले. फ्यूज उडाला होता. दुसरा घातला, तोही क्षणात गेला. फ्यूज 10 अँपिअरचा, आणि त्या लायनीवर आहे काय? 5 वॅटचे पाच बल्ब आणि डॅशबोर्डवरच्या काट्यांमागचे बारके दिवे. सगळे मिळून तीन अँपिअरसुद्धा घेत नाहीत. म्हणजे वायर कुठेतरी थेट बॉडीला टेकत होती, शॉर्ट होता.

आणि लाइन कुठली, बघ. तीच. त्या पावसाच्या रात्रीची.

खरं सांगतो, डब्यात 20 चा फ्यूज होता आणि हात तिकडे गेला. तेवढ्यात तुझा तो चांदीचा कागद डोळ्यांसमोर आला. सिगारेटच्या पाकिटातून काढून फ्यूजला गुंडाळलास आणि वर म्हणालास, "आता बघू कसा जातो ते." गेला नाहीच. फ्यूजऐवजी वायर गेली! डॅशबोर्डखालून धूर आला, आणि स्पॅनर शोधायला वेळ नाही म्हणून मी बॅटरीची केबल हातानं ओढून काढली. फ्यूज बल्बसाठी नसतो, वायरसाठी असतो, हे उस्ताद आपल्याला किती वेळा सांगायचे. त्या कागदाचा हिशोब मी अजूनही तुझ्याच नावावर ठेवलाय, तो सोडणार नाही. बाकीच्या हिशोबाचं पुढे येतंच.

पहिली संध्याकाळ मीटरनं खाल्ली. दोन टोकं थेट जोडलेली असली की मीटर बीप देतो. फ्यूज काढला, मीटरचं एक टोक लायनीला, दुसरं बॉडीला, आणि तो सारखा बीप देतोय. कुठेही लावा, बीप. तुझ्या गाण्यासारखं, एकदा सुरू झालं की थांबायचं नावच नाही. दोन तास वायर चाचपडत बसलो तेव्हा कुठे लक्षात आलं, की बल्ब तर जागेवरच आहेत. 5 वॅटचा बल्ब पेटलेला असताना 29 ओहमच्या आसपास असतो, पण थंड असताना त्याची तार त्याच्या दहाव्या हिश्श्याएवढाच विरोध करते. असे पाच समांतर जोडले की मीटरला ते जवळजवळ शॉर्टच दिसतं. लाइन चांगली असती तरी तो बोंबललाच असता.

मग दुसऱ्या दिवशी उस्तादांच्या पद्धतीनं गेलो. लायनीवरचे सगळे बल्ब काढून ठेवले आणि फ्यूजच्या जागी 21 वॅटचा बल्ब दोन वायरींनी जोडला. शॉर्ट असेल तर त्या बल्बला पूर्ण 12 व्होल्ट मिळतात आणि तो लख्ख पेटतो; पण करंट दोन अँपिअरच्या पुढे जात नाही. वायर तापत नाही, फ्यूज जळत नाहीत, रात्रभर शोधत बसता येतं. एकेक कनेक्टर सोडवत जायचं आणि बल्ब कधी विझतो ते बघायचं.

बल्ब लख्ख पेटला. डॅशबोर्डचा कनेक्टर काढला, पेटलेलाच. पुढच्या दिव्यांचा काढला, तरी पेटलेला. मागे गेलो, डिकी उघडली, टेल लॅम्पचा कनेक्टर काढला, पुढे येऊन बघतो तर विझलेला! सापडला म्हणून उडीच मारली. टेल लॅम्पचे होल्डर साफ केले, एक बदलला, सगळं जोडलं, डिकी लावली, पुढे आलो. बल्ब लख्ख. पुन्हा डिकी उघडून कनेक्टर काढला, विझला. पुन्हा होल्डर खोलला. असं तीनदा केलं रे. दर वेळी डिकी उघडत होतो आणि श्रेय कनेक्टरला देत होतो.

आज रात्री अकराला आवरायला घेतलं. टेल लॅम्पचे कनेक्टर काढलेलेच होते, बल्ब विझलेला. डिकी लावली आणि मागच्या काचेतून पुढचा डॅशबोर्ड एकदम उजळलेला दिसला. उघडली, अंधार. लावली, उजेड. पाच-सहा वेळा केलं. दुसऱ्या कुणी बघितलं असतं तर त्याला काही कळलं नसतं, पण माझ्या अंगावर काटा आला.

डिकीच्या झाकणावरचा नंबर प्लेटचा दिवा. त्याची वायर बिजागरीजवळच्या भोकातून झाकणात जाते. झाकण खाली आलं की वायर ताणली जाते आणि भोकाच्या काठावर घासते. टॉर्च लावून बघितलं: नव्याकोऱ्या वायरीवर नखानं कोरल्यासारखी चीर, आत तांब्याचे दोन-तीन धागे चमकताहेत, आणि पत्र्याच्या काठावर मोहरीएवढा काळा ठिपका. पण त्या ठिपक्याच्या शेजारी आणखी एक डाग होता. जुना, गंजून तपकिरी झालेला, करंगळीच्या नखाएवढा.

ते भोक मी पाडलंय. आठवतं? ड्रिल माझ्या हातात होतं, टॉर्च तू धरला होतास आणि म्हणालास, "रबर घाल रे भोकाला." मी म्हणालो, नंतर घालू.

जुना जुडगा अजून पोत्यात होता. काढला. नंबर प्लेटकडे जाणारा फाटा शोधला. त्याचं टोक तुटलेलं नव्हतं, वितळलेलं होतं; तांब्याचा गोल मणी झालेला. म्हणजे त्या रात्री शॉर्ट तिथे होता. आणि वायर तिथेच जळून तुटली, म्हणून तो आपोआप मिटला. त्यानंतर नंबर प्लेटचा दिवा कधी लागला नाही, आणि आपण म्हणालो बल्ब गेला असेल, बघू सावकाश.

आता तुझा जॉइंट. मागच्या सीटखाली त्याच लायनीच्या वायरीला तू दिलेला. त्या रात्री मी रस्त्यात उभं राहून, ताईसमोर, तुला म्हणालो होतो की तुझ्या हातचं काम म्हणजे जिवाशी खेळ. तू एवढंच म्हणालास, "जॉइंट सोल्डर केलेला आहे." नंतर दुरुस्ती करताना मी डॅशबोर्डखालची जळकी वायर बदलली, तुझा जॉइंट उघडूनही न बघता त्याच्यावर नवी टेप गुंडाळली, आणि फ्यूज जायचा थांबला. झालं. सगळ्यांना सांगत फिरलो की जॉइंटच होता. तू चार महिने बोलला नाहीस.

आज टेप सोडवली. माझा थर, त्याखाली तुझा थर, त्याखाली स्लीव्ह, म्हणजे वायरीवर चढवलेली नळी. स्लीव्ह सरकवली. जॉइंट गुळगुळीत, एकही धागा बाहेर नाही, सोल्डर आतपर्यंत भिनलेलं. एवढ्या वर्षांनी हातानं ओढून बघितला, हलला नाही. वायर जळाली ती डॅशबोर्डखाली, कारण तिथे जुडग्यात उष्णतेला बाहेर पडायला जागा नव्हती. सीटखाली ती मोकळी होती.

माझं चुकलं. रबराचं चुकलं ते वेगळं, ते कुणाचंही चुकतं. तुला जे बोललो आणि इतकी वर्षं जे सांगत फिरलो, ते चुकलं. ताईला उद्या फोन करून सांगणार आहे.

आता रबर घातलंय, वायरीवर स्लीव्ह चढवलीय आणि झाकण पूर्ण उघडलं-मिटलं तरी ताण येणार नाही एवढी सैल सोडलीय. पंचवीस वेळा डिकी आपटून बघितली. फ्यूज 10 चाच आहे.

तुझ्या बदलीचं काय झालं? छोटीचा निकाल लागला असेल, तिला माझ्याकडून शाबासकी दे, पहिल्या पत्रातलं तिचं चित्र मी फ्रिजवर लावलंय. वहिनींच्या पाठीला आराम पडला का? सगळं सविस्तर कळव, माझ्यासारखं करू नकोस.

तो जॉइंट दोन्हीकडे वीतभर वायर ठेवून कापून घेतलाय, तुला देईन. आणि हेडलाइटची दिशा लावायची राहिलीय. एकानं भिंतीवर खूण करायची, एकानं स्क्रू फिरवायचा, एकट्यानं जमत नाही. सुट्टी मिळेल तेव्हा ये. या वेळी स्क्रू तू फिरव, मी भिंतीपाशी उभा राहतो.

तुझाच