बाळ उशिरा रडलं? मग शू किती झाली तेही विचारा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ठाण्यात नवजात बाळांच्या वॉर्डात स्टाफ नर्स म्हणून माझी बरीच वर्षं गेली, म्हणून हे कळकळीने लिहितेय. जन्मल्यावर बाळ लगेच रडलं नाही, श्वास कोंडला, की घरचे सगळ्यात आधी विचारतात सिस्टर मेंदूला काही झालं नाही ना, आणि ती काळजी बरोबरच आहे, पण किडनीबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. ऑक्सिजन कमी पडला की बाळाचं शरीर असेल तेवढं रक्त मेंदूकडे आणि हृदयाकडे वळवतं, आणि मग आधी उपाशी पडते ती किडनी.

दिवा, मुंब्रा, घोडबंदरच्या पट्ट्यातून रात्री-अपरात्री ट्रॅफिकमधून बाळ आणतात आणि सोबतच्या चिठ्ठीवर फक्त 'बाळ रडले नाही, पुढील उपचारासाठी पाठवत आहोत'. अहो पण शू झाली का, कधी झाली, सलाईन किती गेलं, कोणती इंजेक्शनं दिली? जेंटामायसिनसारखं जंतुसंसर्गावरचं औषध अशा बाळाला देताना किडनी बघूनच द्यावं लागतं, त्यामुळे आधीच्या डोसची वेळ माहीत नसली की पंचाईत होते.

आम्ही काय करायचो, कोरा डायपर काट्यावर ठेवायचा, वजन लिहायचं, ओला झाला की परत ठेवायचा, जो फरक येईल तेवढी शू, 1 ग्रॅम म्हणजे साधारण 1 मिली. 3 किलोच्या बाळाला तासाला निदान 3 मिली तरी व्हायला हवी, सतत त्याच्या खाली राहिली तर डॉक्टरांना लगेच सांगायचं. पहिल्या दिवशी चांगल्या बाळालाही कमीच होते म्हणून एकट्या आकड्यावर घाबरायचं नाही, पण शू भरपूर होतेय म्हणजे किडनी ठीक असंही नाही, काही बाळांना शू नीट होते आणि तरी क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने बाहेर टाकायचा रक्तातला कचरा, वाढत जातं. आणि पहिल्या दिवसाचं क्रिएटिनिन तर बरंचसं आईचंच असतं, म्हणून तिसऱ्या दिवशी ते परत बघणं फार गरजेचं. निरोगी बाळात हळूहळू उतरतं, इथे चढत असेल तर गडबड आहे.

सगळ्यात जास्त वादावादी व्हायची पाण्यावरून. बाळाला उपाशी ठेवलंय, सलाईन वाढवा म्हणून आजी-आत्या भांडायच्या, त्यांचा जीव तुटायचा ते दिसायचंच. पण शू होत नाही तर पाणी अंगातच राहतं, वरणात पाणी वाढवलं की मीठ लागत नाही तसं रक्तातलं सोडियम पातळ होतं, आणि ते फार खाली गेलं की बाळाला झटके येतात. अशा वेळी वरून मीठ देण्यापेक्षा पाणी मोजून कमी करणं हाच बहुतेकदा इलाज असतो. कॅल्शियम आणि साखर उतरली तरी झटके येतात त्यामुळे सगळा दोष मेंदूवर टाकून चालत नाही, तेही तपासावं लागतं. पोटॅशियम उलट चढतं आणि हृदयाचे ठोके बिघडवतं, तिथे तर काही तासांतच धावपळ करावी लागते.

सरकारी दवाखान्यात आजारी नवजात बाळाच्या तपासण्या आणि औषधं जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात 2011 पासून मोफत आहेत, तेव्हा पैशाला घाबरून तपासणी टाळू नका, हक्काने मागा.

माझं मागणं एवढंच आहे की ठाणे आणि नवी मुंबई दोन्ही पालिकांनी आपल्या हद्दीतल्या सगळ्या प्रसूतिगृहांना रेफरल चिठ्ठीत शूची वेळ, दिलेलं पाणी आणि औषधं हे रकाने सक्तीचे करावेत, आणि डिस्चार्ज कार्डावर शेवटचं सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन लिहावं. बहुतेक बाळांची किडनी सावरते, पण ज्यांचं क्रिएटिनिन चढलं होतं त्यांचं बीपी आणि लघवी नंतरही तपासत राहावी लागते, आणि कार्डावर काहीच नसेल तर पुढच्या डॉक्टरला ते कळणार कुठून?

आपली,
एक निवृत्त परिचारिका, कळवा, ठाणे