कर्नाटिक, गुलदार आणि छपराखालचं पाणी

हुर्घाडा, इजिप्त

प्रिय दादास,
सा. न. वि. वि.

तुझा फोन झाल्यापासून गुलदार डोक्यातून जात नाही. नौदलाचं ८४ मीटर लांबीचं जहाज निवतीच्या समुद्रात बुडवून तिथे टुरिस्ट खाली उतरवायचे, आणि तुला त्या धंद्यात आपली होडी घालायची आहे. ‘तू तर रोज हेच करतेस, काय लागतं ते सांग’ म्हणालास. फोन सारखा तुटत होता आणि मागे आजीचं चालूच होतं, ‘मेल्या माणसांच्या घरात कशाक जातंस गे?’ म्हणून सगळं लिहूनच काढते.

आधी कर्नाटिकचं सांगते, कारण हे जहाज मुंबईला यायचं होतं. हुर्घाड्याच्या उत्तरेला, सुएझच्या आखाताच्या तोंडाशी शाब अबू नुहास म्हणून प्रवाळाचा खडक आहे. पाण्याच्या जेमतेम खाली, त्यामुळे रात्री दिसायचा प्रश्नच नाही. पी अँड ओ कंपनीचं कर्नाटिक, शिडंही आणि वाफेचं इंजिनही असलेलं, १२ सप्टेंबर १८६९ ला सुएझहून निघालं आणि १३ ची पहाट व्हायच्या आत या खडकावर चढलं. कप्तानाने प्रवाशांना जहाजावरच थांबवलं. पंप चालू होते, कंपनीचंच सुमात्रा त्या वाटेने येणार होतं, मग लहान बोटींतून माणसं कशाला धोक्यात घाला? त्या दिवशी लोक जेवलेखावलेसुद्धा. १४ तारखेला बोटी उतरवायला घेतल्या आणि जहाज मोडून दोन तुकडे झालं. ३१ माणसं गेली. उरलेली शदवान बेटाला लागली, मग सुमात्राने त्यांना उचललं. कप्तानाचा हिशेब पूर्ण चुकीचा होता असं मला अजूनही म्हणवत नाही. खडकावर बसलेलं जहाज किती वेळ धरेल हे तुझ्यासारख्या माणसालाही छातीठोक सांगता आलं नसतं.

त्यावर भारतातल्या टांकसाळींसाठी ४०,००० पौंडांचं नाणं होतं. नंतर पितळी हेल्मेटवाले पाणबुडे आले आणि त्यातलं बरंचसं वर काढून घेऊन गेले. डोक्याला टोप, पायात शिशाचे बूट, वरून नळीने हवा. त्यांच्यापुढे आपण काहीच नाही. जहाज बुडाल्यावर दोन महिन्यांनी सुएझ कालवा उघडला.

आता ते जहाज डाव्या कुशीवर पडलंय, वीस ते सत्तावीस मीटरच्या दरम्यान. लाकडी डेक केव्हाच कुजून गेले. राहिल्या आहेत त्या लोखंडी फासळ्या, फळ्या काढलेल्या होडीचा सांगाडा असावा तशा. त्यांवर रंगीत मऊ प्रवाळ आणि आत काचेसारख्या पारदर्शक माशांचे थवे. आपण पुढे सरकलो की थवा दुभंगतो आणि मागे पुन्हा जुळतो. फासळ्यांमधून ऊन तिरकं आत येतं. पहिल्यांदा तिथे गेले तेव्हा मला श्वासाचं रेग्युलेटर तोंडात असतानाच हसू फुटलं होतं. दुसऱ्या कुठल्या नोकरीत मला असं हसू येईल असं वाटत नाही, हे बाबांना सांग.

आणि तरीही नवख्यांना मी कर्नाटिकवर बिनधास्त नेते, याचं कारण हेच की त्याला छप्पर उरलेलं नाही. कुठूनही वर बघितलं की मोकळं पाणी. दादा, बुडालेल्या जहाजाचा खरा धोका हा छपराचा असतो. शार्कचा नाही, भुतांचा नाही, नुसत्या खोलीचाही नाही. मोकळ्या समुद्रात काही बिघडलं तर जोडीदाराची हवा घेऊन सावकाश वर जाता येतं. डोक्यावर पोलाद असेल तर आधी आल्या वाटेने बाहेर पडावं लागतं, आणि ती वाट दिसत असेलच असं नाही. जहाजात वर्षानुवर्षांचा गाळ आणि गंज बसलेला असतो. एका माणसाने पायातलं फिन खालच्या बाजूला जोरात मारलं की खोलीभर राख उठते, हातातला टॉर्च स्वतःच्या छातीवर धरला तरी नुसता तपकिरी उजेड. म्हणून आत जाताना रिळावरची दोरी बाहेर बांधून सोडत जायची, टॉर्च दोन घ्यायचे, दोरी कापायला सुरी घ्यायची, आणि हवेचे तीन भाग करायचे: एक आत जायला, एक बाहेर यायला, एक काही झालंच तर. तिसऱ्या भागाला हात लावून बाहेर आलेला माणूस मी पुन्हा आत नेत नाही. मग तो कितीही पैसे देवो.

हवेचं गणित तुला माहीतच आहे, पण टुरिस्टला ते पटत नाही. ३० मीटरवर दाब वरच्यापेक्षा चौपट, म्हणजे तोच श्वास चौपट हवा खातो. घाबरला की त्याच्याही दुप्पट. शिवाय त्या खोलीवर नायट्रोजन डोक्यात चढायला लागतो. माणूस हसतो, घड्याळाकडे बघतो आणि आकडा त्याला कळतच नाही. नेहमीच्या हवेवर तिथे साधारण २० मिनिटं मिळतात, त्याहून जास्त थांबलं तर वर येताना टप्प्याटप्प्यावर थांबावं लागतं. टप्पे चुकवले तर सांधे धरतात, कधी पाय जातात, मग दाबाखाली ठेवून उपचार करायचं प्रेशर चेंबर. आपल्याकडून जवळचं चेंबर कुठे, तिथे पोचायला किती तास, हे विचारल्याशिवाय गुलदारच्या कागदांवर सही करू नकोस.

अबू नुहासवरच जियानिस डी आहे. ग्रीक मालवाहू, लाकूड घेऊन चाललं होतं, १९८३ मध्ये आपटलं. त्याची इंजिनरूम सगळ्यांना बघायची असते आणि तिथेच जास्त लोक गडबडतात. जहाज कलंडलेलं, जिने भिंतीवर, कठडे तिरके. डोळा म्हणतो खाली इकडे आहे, आपले बुडबुडे भलत्याच बाजूला पळताना दिसतात. पोहण्यात पट्टीचे असलेले गडी तिथे खांब धरून थिजतात. मी त्यांना एवढंच शिकवते की डोळ्यांवर विश्वास नको, बुडबुड्यांवर ठेवा.

थिसलगॉर्मचं आजीला सांगायचंय. १९४१ च्या ६ ऑक्टोबरला जर्मन विमानांनी उडवलेलं ब्रिटिश जहाज, नऊ माणसं गेली. खणात अजून बीएसएच्या मोटरसायकली रांगेत उभ्या आहेत, ट्रक आहेत, बुटांचे ढीग आहेत. स्फोटाने दोन रेल्वे इंजिनं उडून बाजूच्या वाळूत पडलीत. त्यावर रोज इतक्या लाँचा येतात की ते घर कमी आणि कणकवलीचा एसटी स्टँड जास्त वाटतं. मोटरसायकलींचे सुटे भाग लोकांनी चोरून नेले. लाँचा दोर थेट जहाजाला बांधतात आणि पत्रा उचकटतो. आत सोडलेली हवा छताला अडकून गंज वाढवते ती वेगळीच. मेलेल्यांचा त्रास आम्हाला काही नाही, आमचाच त्यांना आहे.

आता तुझं गुलदार. मुद्दाम बुडवायचं जहाज आधी साफ करतात: तेल काढतात, केबल आणि लोंबणाऱ्या वस्तू काढतात, दारं काढून बाजूंना मोठी भोकं पाडतात. म्हणजे कर्नाटिकइतकं नाही तरी बरंच मोकळं. पण इथलं पाणी वीस-पंचवीस मीटर आरपार दिसतं. निवतीला पावसाळ्यानंतर कसं असतं ते तू जाणतोस. तिथे बाहेरून फिरवायचा बेत असला तरी माणूस डोळ्यांआड व्हायला चार हात पुरतील. पहिली दोन वर्षं टुरिस्टला आत नेऊच नका असं मी म्हणेन. व्हिडिओ काढायला दारातून डोकावू दे. वरून दोर बांधलेला असावा आणि सगळ्यांनी त्याच दोराने वरखाली करावं, कारण प्रवाह फिरला तर माणूस सरळ वेंगुर्ल्याकडे निघतो.

तुझी स्वतःची तयारी म्हणशील, तर तारकर्लीच्या कोर्सवर थांबू नकोस. जूनमध्ये होड्या वर काढल्या की इकडे ये. चार महिने बसून जाळी शिवण्यापेक्षा रेकचा, म्हणजे बुडालेल्या जहाजांवर उतरायचा कोर्स माझ्याच सेंटरला कर, राहायचं माझ्याकडे. पासपोर्टची मुदत बघ, सहा महिन्यांपेक्षा कमी असेल तर आधी नवा काढ. डॉक्टरकडून कान आणि छाती तपासून घे, धनुर्वाताचं इंजेक्शन घे, आणि विडी सोड. वहिनीने विडीचं मला सगळं सांगितलंय.

आई-बाबांना आणि आजीला नमस्कार.

तुझी,
शमा