विषय : न्हाणी-धुण्याचे पाणी शुद्ध करण्याच्या यंत्राच्या कोटेशनबाबत

मा. अध्यक्ष व कार्यकारिणी सदस्य,
गृहनिर्माण संस्था, जळगाव

स.न.वि.वि.

रोजचे १०,००० लिटर न्हाणी-धुण्याचे पाणी इलेक्ट्रोकोअ‍ॅग्युलेशनने (विजेच्या साहाय्याने मळ गोळा करून) साफ करून बागेला आणि फ्लशला वापरायचे, या प्रस्तावाला आमचा मनापासून पाठिंबा आहे. उन्हाळ्यात बोअर मान टाकते, तेव्हा हे पाणी फार उपयोगी पडेल. पण कोटेशनमध्ये पोलॅरिटी बदलण्याची, म्हणजे प्लेटांची धन-ऋण टोके आलटून-पालटून करण्याची, सोय कुठेच नाही. ती लेखी आल्याशिवाय कृपया सही करू नये.

अ‍ॅल्युमिनियमच्या प्लेटांतून डीसी करंट सोडला की धन प्लेट झिजते, तिच्यापासून हायड्रॉक्साइडचे गोळे बनतात आणि साबण, मळ त्यांना चिकटून वर तरंगतो किंवा तळाशी बसतो. आपले बोअरचे पाणी जड. ऋण प्लेटपाशी पीएच वाढतो (पाणी अल्कधर्मी होते), तिथे चुन्याचा पांढरा थर धरतो. धन प्लेटवर ऑक्साइडचा पापुद्रा येतो. मग व्होल्टेज चढते, वीज खर्च होते आणि पाणी गढूळच राहते. दर १०-१५ मिनिटांनी पोलॅरिटी उलटली की थर सुटतो, प्लेटाही सारख्या झिजतात. तरीही अधूनमधून प्लेटा सौम्य हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडने धुवाव्या लागतील. त्या वेळी ब्लीचिंग पावडर जवळपासही नको, क्लोरीन वायू सुटतो.

लिटरला ३० मिलिग्रॅम अ‍ॅल्युमिनियमचा डोस धरला, तर रोज ३०० ग्रॅम अ‍ॅल्युमिनियम, म्हणजे सुमारे ९०० अँपिअर-तास. दहा तास चालवायचे तर ९० अँपिअर. त्यातून तासाला साधारण ४० लिटर हायड्रोजन निघतो, म्हणून टाकी बंद पंपरूममध्ये मुळीच नको. गच्चीवर किंवा उघड्या शेडखाली हवी. गाळातला नुसता हायड्रॉक्साइडच कोरडा धरून रोज पाऊण किलोच्या वर भरेल. तो कुठे टाकणार, तेही लिहून घ्यावे.

विरघळलेले क्षार याने जात नाहीत, त्यामुळे टीडीएस (पाण्यातल्या विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण) कमी होईल हा दावा मान्य करू नये. संडासाचे पाणी यात जोडू नये. शेवटी वाळूचा फिल्टर आणि क्लोरीन लागेलच.

सही करण्याआधी पुरवठादाराला आपल्याच पाण्यावर चाचणी करायला सांगा : एक लिटरच्या काचेच्या बरणीत एक सेंटिमीटर अंतरावर दोन प्लेटा, अर्धा अँपिअर, ११ मिनिटे, मग हलके ढवळून अर्धा तास स्थिर. मधले पाणी नितळ दिसले नाही, तर डोस बदलून पुन्हा. चाचणीला पाणी कपडे धुण्याच्या वेळचेच घ्यावे, फेस त्यातच जास्त असतो.

कळावे,
आपले,
बी विंगमधील सभासद