सुऱ्या, एकदा अलकाकडे जाऊन ये

शहापूर, बेळगाव

प्रिय सुऱ्या,

फोनवर सांगण्यासारखं नाही, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर तू निम्मं वाचून अंगठा टाकतोस, म्हणून कागद घेऊन बसलोय. माझी तब्येत बरी. शुगर जिथल्या तिथे, गुडघा पावसात कुरकुरतो. हिची बीपीची गोळी डॉक्टरांनी अर्धी केली. आईचा डावा डोळा गेलाच, उजव्याने उजेड आणि सावली एवढंच कळतं. जीभ मात्र शाबूत आहे, आणि पुढचं सगळं रामायण त्या जिभेचंच.

सख्खी बहीण असून अलका बोलेना झालीय. माझ्याशी नाही, आईशीही नाही. रोज संध्याकाळी न चुकता येणारा फोन बंद. आणि कारण काय, तर एक स्पीकर. हसू नको. आधी सगळं वाच.

तात्यांचा ट्रान्झिस्टर तुला आठवतो. काटा कायम सांगलीवर, 1251 किलोहर्ट्झ, दुसरीकडे फिरवायला गेलं की तात्या नुसते बघायचे. ते गेल्यावर आईने तो ताब्यात घेतला, काटा तिथेच. आता घरभर एलईडी दिवे, चार्जर, इन्व्हर्टर. त्यांच्या आतल्या सर्किटमधून जो गोंगाट निघतो तो नेमका मिडियम वेव्हवर येऊन बसतो. सांगली लावली की नुसती खरखर. सगळे दिवे बंद केले की स्वच्छ. म्हणजे आईने रेडिओ ऐकायचा तर आम्ही अंधारात बसायचं. ही म्हणाली, बसू या, बिल तरी कमी येईल.

आकाशवाणी नेटवरून या तोंडी हुकूम ऐकणाऱ्या स्मार्ट स्पीकरवर मिळते असं कळलं आणि मी त्यांच्या मागे लागलो. तुला माझा स्वभाव माहीत आहे, प्रेशर कुकर घ्यायचा तरी मी गणपत गल्लीतली चार दुकानं पालथी घालतो. गल्लीतल्या एकाकडून गूगलचा नेस्ट मिनी उसना आणला, दुसऱ्याकडून अ‍ॅमेझॉनचा ईको डॉट, आणि देवघराशेजारच्या फळीवर दोघांना मांडीला मांडी लावून बसवलं. अ‍ॅपलचा होमपॉड मिनी तुझ्या जावयाकडे आहे तो, आवाजाला झकास, खरं त्याची जोडणी करायलाच आयफोन किंवा आयपॅड लागतो. आपल्याकडे आला तेव्हाच त्याची किंमत 9,900 होती. आमच्यात आयफोन कुणाकडे? तो पहिल्या फेरीतच बाद.

पहिली गोची भाषेची. ईको अमेरिकेत आला 2014 च्या नोव्हेंबरात, म्हणजे बेळगावचं सरकारी नाव बेळगावी झालं त्याच महिन्यात. भारतात यायला 2017 उजाडलं, हिंदी शिकायला 2019. गूगलचा पहिला स्पीकर इकडे आला 2018 ला. त्याच साली फोनमधल्या गूगलला मराठी कळायला लागलं, खरं फळीवरच्या डब्याशी बोलायचं तर हिंदी नाहीतर इंग्रजी. कानडीही नाही. 1956 पासून आपण आणि ते पाट्यांवरून डोकी फोडून घेतोय, आणि हे यंत्र दोघांनाही हिंदीत माफी मागतं. शेजारच्या बसवराजला हे सांगितलं तर तो पोट धरून हसला. म्हणाला, चला, एवढ्यापुरता तरी सीमाप्रश्न मिटला.

आईने डब्यासमोर बसून आधी सरळ विचारलं, "मराठी यीना व्हय तुला?" मग गप्प राहून, जरा मऊ आवाजात, "कन्नड बर्तदेनवा?" समोरून हिंदी. आई माझ्याकडे वळली. "ही बया कुठली रे? आपल्या घरात राहून आपलं एक अक्षर बोलंना." आणि मग तिने ‘कुमारांचं भजन लाव’ म्हणून सोडलं. कुमार गंधर्व म्हणजे इथल्या सुळेभावीत जन्मलेला माणूस, त्यामुळे आईला ते घरचेच, आडनाव-बिडनाव काही लावायचं नाही. दोघांपैकी एका डब्याने, कोणत्या ते सांगत नाही, कुमार सानू लावला. आईने मान तिरकी करून कडवंभर ऐकलं आणि म्हणाली, "आवाज बसलाय की रे त्यांचा." तुझे अण्णा असते तर त्यांनी डबा कपिलेश्वर तळ्यात सोडला असता, वाजतगाजत.

मी आपला आवाजाची खोली, बास, कोण लांबून ऐकतं असलं काय काय वहीत लिहीत होतो. निकाल आईच्या बोटांनी लावला. नेस्ट मिनीला वर बटणंच नाहीत. डाव्या-उजव्या कडेला बोट टेकवायचं की आवाज कमी-जास्त, मध्ये टेकवलं की गाणं थांबतं. डोळसाला सोयीचं आहे. ज्याला दिसत नाही त्याने मध्य कुठे आणि कड कुठे हे शोधायचं कसं? डॉटच्या डोक्यावर चार बटणं आहेत, अधिक, उणे, माइक बंद, आणि एक ठिपक्याचं. ते ठिपक्याचं दाबलं की हाक न मारताही तो ऐकायला लागतो. आईने अंगठ्याने चारही चाचपली, पुन्हा उलटीकडून चाचपली, आणि म्हणाली, "हे कुठलं ते कळायला खूण कर." हिने कपाळाची मखमली टिकली काढून ठिपक्याच्या बटणावर चिकटवली. आता आईचा अंगठा बरोबर तिथे जातो. पाच-सहा हजारांच्या यंत्रात जे नव्हतं ते दहा रुपयांच्या टिकलीच्या पाकिटात निघालं.

बाकी भाषेवरही तोड निघाली. त्याच्यात रुटीन म्हणून असतं, वेळ लावून ठेवली की आपोआप सुरू. सकाळी सहाला आकाशवाणी, दुपारी भजन, रात्री नवाला बंद. कुणी कुठल्या भाषेत काही बोलायला नको. आत बॅटरी नसते, करंट गेला की मुका, आणि नुसता तो इन्व्हर्टरवर घेऊन भागत नाही, वायफायचा डबाही जिवंत लागतो. त्याला बारा व्होल्टचा छोटा यूपीएस जोडला. म्हणजे माझ्या हिशेबी काम संपलं होतं.

तेवढ्यात रोहन आला. सुट्टी घेऊन, आजीसाठी पडदा आणि कॅमेरा असलेला स्पीकर घेऊन. अलकाने पाठवलेला. त्यात एक सोय असते, आधी परवानगी दिलेल्या माणसाला पुण्यात बसून थेट आत डोकावता येतं, इकडे कुणी उचलायची वाट बघायला नको. रोहनने ती चालू करून दिली आणि गेला. आत कुणी आलं की टिंग वाजतं आणि दिवा लागतो. दिवा आईला दिसत नाही. टिंग वाजलं ते तिने हिच्या फोनचं समजलं.

आई आणि शांताक्का लसूण सोलत बसल्या होत्या. विषय निघाला लेकींचा. आई म्हणाली (हे मला शांताक्काने अक्षरशः सांगितलं), "अलका फोन करते की हजेरी घेते कळत नाही बघ. गोळी घेतलीस? जेवलीस? संडासला झाली? संपलं. परड्यातला फणस धरला का, कोण आलं, कोण गेलं, काही नाही. मी काय पेशंट आहे व्हय तिचा? त्यापेक्षा फोन नाही केला तरी चालंल." आणि पडद्यातून आवाज आला, "आई, मी ऐकालेय."

लसणाचं सूप उपडं झालं. शांताक्का देवाचं नाव घेत उठली. आईला काही सुचेना, ती आवाज कुठून येतोय ते शोधत हात हवेत फिरवत राहिली. अलकाने एक शब्द पुढे बोलला नाही. बंद केलं. त्यानंतर फोनही बंद.

2019 ला बातमी आली होती बघ, अ‍ॅमेझॉनची आणि गूगलची माणसं लोकांची काही काही रेकॉर्डिंग ऐकतात, यंत्र सुधारायला म्हणून. तेव्हा तू मला मोठं व्याख्यान दिलं होतंस. मी म्हटलं होतं, ऐकू दे की, आमच्या घरातली भांडणं ऐकून त्या परक्यांना काय कळणार? ते मी आजही म्हणतो. परका ऐकून विसरतो. इथे ऐकणारीला शब्दन् शब्द कळला, तोही बेळगावी मराठीत.

अलकाची बाजू मला दिसत नाही असं नाही. मृगात आई मोरीत पडली तेव्हा घरात कुणी नव्हतं. मी बँकेत, ही तिच्या भावाकडे. आई किती वेळ तशीच बसून होती ते तिलाही सांगता आलं नाही. तेव्हापासून अलकाच्या डोळ्याला डोळा नाही. तिला पडदा पाहिजे, मला नको. मी म्हणतो मोरीत पडलेली बाई खोलीतल्या पडद्यावर दिसणार आहे का? ती म्हणते, हाक तरी ऐकू येईल. या मुद्द्यावर मला उत्तर देता आलं नाही, आणि तुला माहीत आहे, उत्तर नसलं की मी आवाज चढवतो. बटण दाबून माइक बंद ठेवता येतो, पण मग तो बसवायचाच कशाला? आणि बंद असल्याची खूण काय, तर लाल दिवा. आईसाठी लाल काय आणि निळा काय.

आईचं तर तिसरंच. त्या संध्याकाळी म्हणाली, काढा ते भूत. मी काढून कपाटात ठेवलं. दुसऱ्या दिवशी फळीवर हात फिरवत विचारते, "त्यातनं अलका बोलली होती नव्हं? मग काढलास कशाला?"

आता सांग, कॉटखालची कॅसेट तुझ्याशिवाय कुणाला आठवणार? मामांनी पणजीहून आणलेला टेप, माझी कोरी कॅसेट, तुझी कल्पना. बटण मी दाबलं असं तू आजतागायत म्हणतोस. बटणाचा प्रश्नच नाही, सुऱ्या. पाहुणे बघायला यायच्या आदल्या रात्री मुली काय बोलल्या ते मंडळाच्या पोरांपुढे वाजवायची अक्कल कुणाची? त्या वर्षी तिने मला राखी बांधली, सख्ख्या भावाला सुटका नसते म्हणून, आणि तुझ्या हातात नुसता पेढा ठेवला. पण शेवटी तिची समजूत काढलीस तूच. तिच्यासमोर बसून कॅसेटची अख्खी फीत ओढून काढलीस, ओटीवर ढीग झाला, आणि ती हसली. मला ते जमलं नव्हतं, अजूनही जमत नाही. मी गेलो तर दहा मिनिटांत खानापूरच्या शेतावर विषय जाईल आणि मग आम्ही दोघंही चार वर्षं मागे जाऊ.

म्हणून तू जा. मी पाठवलं असं सांगू नको. तिला कळेलच, तरी सांगू नको. मी काय ठरवलंय ते सांग. आईच्या खोलीत साधा डॉट, पडदा नाही. थेट डोकावायची सोय बंद. अलकाने रीतसर फोन लावायचा, घंटी वाजेल, आई उचलेल. डॉटला जागं करायची ‘अलेक्सा’ ही हाक बदलून ‘ईको’ ठेवणार, नाहीतर आमच्या घरात दिवसभर अलका-अलका चालतं, अलेक्सा उगाच कान टवकारायची. मोरीत दोन कड्या ठोकून घेतल्या, खाली रबरी चटई टाकली, आणि दुपारी शांताक्काची सून येऊन बसते. आणि तिला म्हणावं, फणसाला यंदा मोजून पाच धरलेत, आईने झाडाला हात लावून मोजलेत, त्यातला एक तिच्या नावाचा आहे. गोळीचं विचार, पण फणसाचं आधी विचार.

ती रडली तर मला कळवू नको. चिडली तर कळव.

तुझ्या फ्लॅटचा ताबा मिळाला का? रिटायरमेंटची पार्टी दिलीस म्हणे, आम्हाला न बोलावता, लक्षात ठेवलंय. गौरीला कितवा चालू आहे? वैनींना नमस्कार. कुंदा पाठवला असता, पण मागच्या वेळी तू तो फ्रीजमध्ये दगड करून ठेवलास असं वैनींनीच सांगितलं.

तुझा,
बाळ्या

ता. क. तुझ्याकडे चौथ्या पिढीचा गोल डॉट पडून आहे असं मागे म्हणाला होतास. विकू नको. त्याला मागे साडेतीन मिलिमीटरची वायर लावायला भोक असतं, पाचव्या पिढीच्या डॉटला ते ठेवलेलं नाही. तात्यांच्या जुन्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडला की सांगली परड्यापर्यंत ऐकू जाईल. कुरिअर करू नको. अलकाकडे नेऊन ठेव आणि म्हण, बेळगावला जाशील तेव्हा घेऊन जा.