‘मत राखून ठेवले आहे’

मा. संपादक,
सविनय नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीतील परीक्षण वाचून, न्यायवैद्यकतज्ज्ञ नायिका असलेली नवी मराठी थरारक कादंबरी मी मिळवली आणि दोन रात्रींत संपवली. गुप्तहेराऐवजी शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरच्या हाती गुन्ह्याचा उलगडा सोपवणे मराठीत क्वचितच घडते, त्यासाठी लेखकाचे मनापासून अभिनंदन. मात्र ही नायिका फार लवकर आणि फार ठाम बोलते, याची मला खंत वाटली.

पंचगंगेत सापडलेल्या मृतदेहाचे विच्छेदन ती मध्यरात्री एकटीने करते, विषाचे नाव वासावरून सांगते आणि मृत्यूची वेळ मिनिटासह देते. सूर्यास्तानंतर शवविच्छेदनाला केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२१ मध्ये परवानगी दिली असली, तरी खुनाचा संशय असलेली प्रकरणे, कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न नसेल तर, तिच्यातून वगळलेली आहेत. मृत्यूची वेळही, ताठरता आणि कुजण्याची अवस्था पाहून, काही तासांच्या अंतरानेच सांगता येते. उन्हाळ्यात, त्यातही पाण्यातून काढलेल्या देहाबाबत, तो अंदाज आणखी सैल होतो. विषाच्या तपासणीचा व्हिसेरा, म्हणजे देहातील अंतर्गत अवयवांचे नमुने, ती फॉर्मॅलिनमध्ये ठेवते, ही चूक तर पुढच्या आवृत्तीत सुधारायलाच हवी. तो सहसा मिठाच्या संपृक्त द्रावणात ठेवतात, कारण फॉर्मॅलिनमुळे विष वेगळे काढणे अवघड होते.

नदीचा प्रसंग निवडल्यावर डायटमचा उल्लेखही नसावा, याचे मला सर्वाधिक वाईट वाटले. माणूस जिवंतपणी बुडाला, तर पाण्यातली ही सूक्ष्म शैवाले फुफ्फुसातून रक्तात शिरून मांडीच्या हाडातील मज्जेपर्यंत पोचू शकतात आणि नदीच्या पाण्याच्या नमुन्याशी त्यांची तुलना करता येते. पण ती सापडली नाहीत, म्हणून मृत्यू बुडून झाला नाही, असेही ठामपणे म्हणता येत नाही. एवढ्या एका तपासणीवर तीन प्रकरणे उभी राहिली असती.

हे मी केवळ पुस्तकी ज्ञानावर लिहीत नाही. माझा मामेभाऊ शेतातल्या खोलीत मृतावस्थेत सापडला, तेव्हा मी एका शवागृहाबाहेर बसून होतो. कर्मचाऱ्याने बरणीला पांढरे कापड बांधून त्यावर लाख ओतली आणि शिक्का दाबला, तो लाखेचा वास मला अजून आठवतो. कागदावर लिहिले होते, ‘व्हिसेरा राखून ठेवला असून मृत्यूच्या कारणाबाबतचे मत राखून ठेवले आहे.’ अहवाल येईपर्यंत मामी रोज संध्याकाळी फोन करून एवढेच विचारायची, “काय कळलं का रे?” आणि मी रोज नाही म्हणायचो.

आपल्याकडे डॉक्टर तपास करीत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ नुसार पोलीस पंचनामा करतात, डॉक्टर देहाबद्दल मत देतो आणि विषाचा शोध प्रयोगशाळेतला रसायनतज्ज्ञ घेतो. कोल्हापुरातही प्रादेशिक न्यायसहायक प्रयोगशाळा आहे. या तिघांच्या मध्ये अडकलेली, जवळजवळ खात्री असूनही सही करताना थांबणारी डॉक्टर मला सर्वज्ञ नायिकेपेक्षा कितीतरी अधिक खिळवून ठेवील.

कादंबरीचा दुसरा भाग येणार असल्याचे परीक्षणात म्हटले आहे. त्यात अहवालाची वाट पाहण्याचे निदान एक प्रकरण असावे, ही विनंती आपण लेखकापर्यंत पोचवावी.

आपला,
एक निवृत्त ग्रंथपाल, शिवाजी पेठ, कोल्हापूर