'फुकटात पॉवर' हा शब्द तेवढा मागे घ्या

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत गाड्या मॉडिफाय करणाऱ्या पोरांवर अर्धं पान आलं होतं. कोल्हापुरात इंजिनं दुरुस्त करणाऱ्या आमच्या आण्णांनी त्याचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवला आणि खाली एवढंच लिहिलं, "वाच, तुझ्याबद्दल आलंय." माझ्याबद्दल काही नव्हतं ओ. पण त्यात एक वाक्य होतं की जुनी, छोटी, दोन सीटची उघडी गाडी स्वस्तात उचलायची आणि तिला टर्बो बसवायचा, कारण टर्बो म्हणजे सायलेन्सरमधनं वाया जाणाऱ्या धुरावर फुकटात मिळणारी पॉवर. लेख बाकी झकास, फोटो तर एक नंबर, पण त्या 'फुकटात'ला मला चहाचा ठसका लागला. सहा वर्षांपूर्वी नेमका हाच शब्द मला एका माणसाने ऐकवला होता आणि मी तो खरा मानला होता.

मी राहतो ह्यूस्टनजवळ शुगर लँडला, नोकरी सॉफ्टवेअरची, पण लहानपण कोल्हापूरच्या उद्यमनगरात, वर्कशॉपांच्या वस्तीत, लेथच्या आवाजात गेलं, त्यामुळे हाताला ग्रीस लागल्याशिवाय शनिवार गेल्यासारखा वाटत नाही. २०१९ ला इथे एका म्हाताऱ्या गृहस्थाकडनं १९९४ ची माझदा मियाटा घेतली, साडेचार हजार डॉलरला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, ही हिरोशिमात बनणारी गाडी, १९८९ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या ऑटो शोमध्ये पहिल्यांदा दाखवली, आणि जुन्या ब्रिटिश टू-सीटरची मजा पण रोज सकाळी सुरू होणारी गाडी असा तिचा सगळा डाव होता. २०१६ पर्यंत दहा लाख बनल्या. आपल्याकडे ती कंपनीने कधी विकली नाही, आपल्याकडे त्या चालीची म्हणाल तर पूर्वी गोव्यात बनायची ती सॅन स्टॉर्म, फायबरची बॉडी आणि रेनॉचं १.२ चं इंजिन, ती ज्याने बघितलीय त्याला मी काय म्हणतोय ते कळेल. माझी १.८ लिटरची, १२८ हॉर्सपॉवर, वजन हजार किलोच्या जरा वर, डोळे मिचकावल्यासारखे वर येणारे हेडलाइट. माझदावाले या गाडीबद्दल 'जिंबा इत्ताइ' म्हणतात, म्हणजे घोडा आणि स्वार एकजीव. चालवली की कळतं, पार्श्वभाग रस्त्यापासून वीतभर उंचीवर, गियर मनगटाने पडतो, साठच्या स्पीडला शंभरची मजा.

पण माणसाचं समाधान कुठलं. हायवेला पिकअप ट्रकवाला सुद्धा हसत पुढे निघून जातो, तेव्हा १२८ घोडे पोनी वाटायला लागतात. मग एकाकडनं वापरलेलं टर्बो किट घेतलं, बाराशे डॉलर, टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, त्या जादा दाबाला म्हणतात बूस्ट. मॅनिफोल्ड म्हणजे धूर टर्बोकडे नेणारा जोड, टर्बो, पाइप, पेट्रोलचं प्रेशर बूस्टबरोबर वाढवणारा एक रेग्युलेटर, सगळं एका दुधाच्या क्रेटमध्ये. इंटरकूलर, म्हणजे टर्बोतनं निघालेली तापलेली हवा थंड करणारी जाळी, नव्हता. म्हटलं, "याला इंटरकूलर?" तर म्हणाला, सहा पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) बूस्टला लागत नाही, ही फुकटची पॉवर आहे मित्रा, एंजॉय कर.

बसवताना मात्र मजा आली हे खोटं बोलणार नाही. टर्बोला बेअरिंगसाठी तेल लागतं, ते वरनं जातं आणि खालनं परत ऑइल पॅनमध्ये, इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्यात, पडायला पाहिजे, त्यासाठी पॅनला भोक. मियाटाचा पॅन काढायचा म्हणजे इंजिन उचला, खालचा सबफ्रेम सोडवा, दोन दिवस गेले. म्हणून लोक पॅन जागेवर ठेवूनच भोक पाडतात. आण्णा व्हिडिओ कॉलवर होते, कोल्हापुरात रात्रीचे साडेअकरा, बनियनवर बसलेले. "ड्रिलला ग्रीस थाप, भरपूर, कीस सगळा त्यात चिकटला पाहिजे. दर चार फेऱ्यांनी बाहेर काढ, पूस, परत थाप. आता आटे पाडायचा टॅप लाव. अर्धा आटा पुढे, पाव मागे. जोर नको लावू, तो आपोआप वाट धरतोय." आटे असे पडले की फिटिंग हातानेच शेवटपर्यंत गेली. मग स्वस्त तेल ओतून तीनदा धुतलं आणि चुंबक फिरवला, काही आलं नाही. आण्णा म्हणाले, "भोक झालं. आता गाडीला पाणी किती लागतंय ते बघितलंस काय?" मी म्हटलं पाणी ठीक आहे. ते गप्प बसले. आमचे आण्णा गप्प बसले की समजून घ्यायचं असतं, मी नाही घेतलं.

सहा पीएसआयला गाडी सुंदर पळाली. नाद खुळा. तीन हजार आरपीएमच्या पुढे पाठीत कुणीतरी तळहात ठेवून ढकलतंय असं वाटायचं आणि गियर बदलला की फुस्स. दोन महिने गेले. मग मी वीस डॉलरचा एक नळ आणला, खरंच नळच तो, हाताने पिळायचा, बूस्टला आवर घालणाऱ्या वेस्टगेटच्या झडपेला चकवायचा आणि बूस्ट वाढवायचा. सहाचं नऊ केलं. वीस डॉलरमध्ये तीन पीएसआय, याहून फुकट काय असतं.

ऑगस्ट महिना, ३८ डिग्री, रविवारची दुपार, हायवेची चढती रॅम्प, तिसऱ्या गियरमध्ये पाय पूर्ण दाबलेला. पत्र्याच्या डब्यात चार खडे टाकून हलवल्यासारखा आवाज आला, एक सेकंद, फार तर दोन. मी पाय काढला. आवाज गेला पण गाडी लंगडायला लागली, आरशात निळा धूर, आणि घरी येऊन बॉनेट उघडलं तर डिपस्टिक, तेल मोजायची पट्टी, आतल्या दाबाने स्वतःहून दोन बोटं वर उचललेली. सिलेंडरमधला दाब मोजणाऱ्या कॉम्प्रेशन टेस्टरवर पहिले तीन सिलेंडर १७० च्या आसपास आले, चौथ्याचा काटा ६० वर जाऊन थांबला. परत मारलं, ६०. त्यात थोडं तेल ओतून परत मारलं, मग जरा चढला, म्हणजे दाब व्हॉल्वमधनं नाही, पिस्टनच्या रिंगकडनं गळतोय. इंजिन उघडलं तेव्हा चौथ्या पिस्टनच्या पहिल्या आणि दुसऱ्या रिंगच्या मधली कडा तुटून तिचा नखाएवढा तुकडा बाहेर आला.

आता हे का झालं ते सांगतो, कारण लेखात नेमकं हेच नाही. वातावरणाचा दाब असतो १४.७ पीएसआय. त्यावर आठ-नऊ आणखी चढवले म्हणजे इंजिनात दीडपट हवा कोंबली. कंपनीने पेट्रोलचे इंजेक्टर दिलेत १२८ हॉर्सपॉवरच्या हिशेबाने, दीडपट जेवणाऱ्याला वाढायला वाटी तीच. रेग्युलेटर प्रेशर वाढवून थोडं भागवतो, पण हद्द असते. शिवाय हवा दाबली की तापते, सायकलला पंप मारताना नळीचं टोक हाताला लागलेलं आठवा. अशा उन्हात नऊ पीएसआयला टर्बोतनं निघणारी हवा नव्वद-शंभर डिग्रीच्या घरात जाते आणि माझ्याकडे इंटरकूलर नाही. त्यात स्पार्कचं टायमिंग बिनटर्बोच्या इंजिनाचंच. पेट्रोल कमी, हवा तापलेली, ठिणगी लवकर, मग सिलेंडरमधलं उरलेलं मिश्रण जळायच्या ऐवजी फुटतं, आणि ते फुटणं म्हणजे ते खडे. एअर-फ्युएलचा, म्हणजे हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणारा गेज सुद्धा लावला नव्हता मी. साध्या चालण्यात १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल चालतं, बूस्टमध्ये साडेअकरा-बाराच्या आसपास पाहिजे, माझं किती होतं ते देव जाणे.

आणि चौथाच का गेला? इथे आण्णांचं गप्प बसणं येतं. हे इंजिन मुळात माझदाच्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांच्या घराण्यातलं, तिथे ते आडवं बसतं, पाणी एका टोकाने आत येतं आणि दुसऱ्या टोकाने बाहेर पडतं. मियाटात ते उभं बसवलं, मागचं टोक फायरवॉलला, म्हणजे इंजिन आणि माणसांच्या मधल्या पत्र्याला, चिकटलं, म्हणून पाण्याची बाहेरची वाट पण पुढच्या बाजूलाच काढली. रोजच्या वापरात काही फरक पडत नाही. पण टर्बो लावून झोडलं की मागच्या सिलेंडरला पाण्याचा फिरता प्रवाह कमी पडतो, तोच सगळ्यात जास्त तापतो. ही गाडी पळवणारे लोक आधी पाण्याची वाट परत मागनं काढतात, इथे त्याला कूलंट रीराउट म्हणतात. हे मला सगळं झाल्यावर कळलं. आण्णांनी मियाटा आयुष्यात बघितलेली नाही, पण वर्षानुवर्षं इंजिनं दुरुस्त करणाऱ्या माणसाने पहिला प्रश्न पाण्याचा विचारला.

दुसऱ्यांदा केलं ते उलट्या क्रमाने. आधी पाणी, म्हणजे मोठा ॲल्युमिनियमचा रेडिएटर आणि रीराउट. मग गेज. मग ब्रेकचे पॅड आणि चांगलं ब्रेक ऑइल, कारण ट्रॅकवर चौथ्या लॅपला पेडल स्पंजासारखं खाली जायला लागलं तर कितीही हॉर्सपॉवर असली तरी तुम्ही घाबरूनच चालवता. मग रोल बार, म्हणजे गाडी उलटली तर डोकं वाचवणारी लोखंडी कमान. हे उघड्या गाडीत सगळ्यात आधी पाहिजे असं माझं मत झालंय, डोक्यावर छप्पर नाही हो, आणि छप्पर नसल्याने गाडीची हाडं पण ढिली असतात, खड्ड्यातनं गेलं की समोरची काच आणि आरसा वेगवेगळे थरथरतात. मग क्लच. मग मोठे इंजेक्टर, इंटरकूलर, आणि पेट्रोल आणि ठिणगी ठरवणाऱ्या कंपनीच्या कॉम्प्युटरच्या, ईसीयूच्या, जागी मेगास्क्वर्ट नावाचा बदलता येणारा कॉम्प्युटर, कारण १९९४ चा ईसीयू लॅपटॉप लावून बदलता येत नाही. आणि मग शेवटी तोच जुना टर्बो, आठ पीएसआयवर, नळाशिवाय. जुनं पण चालू इंजिन नऊशेला मिळालं ते धरून सगळा हिशेब आठ हजार डॉलरच्या वर गेला. त्यात टर्बोचे बाराशे. गाडी साडेचार हजाराची. बायकोने हा हिशेब एकदाच बघितला आणि फ्रिजवर चिकटवला, अजून आहे.

मी एकटाच घाबरट आहे असं नाही. २००४ आणि २००५ ला माझदाने स्वतःच या गाडीची टर्बोवाली आवृत्ती काढली, माझदास्पीड नावाने. १४२ हॉर्सपॉवरची १७८ केली, म्हणजे कंपनीने मागितले फक्त ३६ घोडे, आणि तेवढ्यासाठी इंटरकूलर दिला, क्लच बदलला, सहा गियरचा मजबूत बॉक्स, कडक सस्पेन्शन, मोठी चाकं दिली. ज्यांनी गाडी बनवली त्यांना जर ती पॉवर फुकटात पडली नाही तर माझ्या क्रेटमधल्या किटला कशी पडणार. आणि वर जायलाही मर्यादा आहेच, चाकांवर मोजलेली पॉवर अडीचशे घोड्यांच्या आसपास गेली की कंपनीचे कनेक्टिंग रॉड वाकायची भीती, पाच गियरचा बॉक्स पण तिथेच कुरकुरायला लागतो, आणि १९९३ पर्यंतच्या १.६ वाल्या गाड्यांचा तर डिफरन्शियलच नाजूक.

कायद्याचं पण लेखात एक ओळ असायला हवी होती. इथे टेक्सासमध्ये माझी गाडी २४ वर्षांपेक्षा जुनी म्हणून धुराच्या तपासणीतनं सुटली, कॅलिफोर्नियात असतो तर राज्याची मंजुरी नसलेला टर्बो बघितल्यावरच नापास केला असता, तिथे १९७६ पासनंच्या पेट्रोल गाड्यांना दर दोन वर्षांनी तपासणी आहे. आणि आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आरसी बुकात लिहिलंय आणि कंपनीने बनवलंय त्यापेक्षा गाडी वेगळी करता येत नाही, २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही. तुमच्या पानावरच्या पोरांचे चेहरे आणि नंबर प्लेट दोन्ही स्पष्ट दिसतायत, हे संपादकीय विभागात कुणाच्या लक्षात आलं नाही का? निदान प्लेट तरी पुसायची.

पोरांना नावं ठेवत नाही मी. हात चालतायत, डोकं चालतंय, चांगलंच आहे. फक्त पुढच्या वेळी फोटो काढायला जाल तेव्हा त्या गॅरेजवाल्याला एवढं विचारा की रेडिएटर कुठला घातला आणि ब्रेकला किती खर्च केला, आणि तो काय म्हणतो ते छापा. आणि लेखकाला उद्यमनगरात जायला सवड असेल तर माझा तो पिस्टन आण्णांच्या टेबलावर आहे, मागच्या दिवाळीला घेऊन गेलो होतो, त्याच्या खोबणीत ते आता पेन्सिली ठेवतात. दुकान दहाला उघडतं. सोमवारी बंद.

आपला एक वाचक,
शुगर लँड, टेक्सास (मूळ कोल्हापूर)